नोकरदार अभियंत्यांची प्रमाणपत्रे : प्रश्न श्रेयांकांचा

नवी दिल्ली : दिवसा कारखान्यात किंवा कार्यालयात काम आणि रात्री ऑनलाइन वर्ग, असा दिनक्रम देशातील असंख्य अभियंत्यांच्या अंगवळणी पडला आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता, विदाविज्ञान, विद्युत वाहने, अर्धवाहक संरचना अशा विषयांतील अर्धवेळ पदव्युत्तर प्रमाणपत्रांच्या जाहिरातींना तोटा नाही. मात्र या प्रमाणपत्रांचे पुढे काय होते, हा प्रश्न जाहिरातींत क्वचितच दिसतो.

राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एक श्रेयांक म्हणजे 30 तासांचे अध्ययन. या हिशेबाने 12 श्रेयांकांच्या प्रमाणपत्रासाठी 360 तास लागतात. आठवड्याला आठ तास काढणाऱ्या नोकरदाराची त्यात 45 आठवडे, म्हणजे जवळजवळ वर्षभराच्या सुट्या जातात. एवढी गुंतवणूक पुढे एम.टेक.च्या खात्यात जमा होणार की कपाटातील धारिकेत राहणार, हे प्रवेशापूर्वीच स्पष्ट असायला हवे.

त्यासाठीची यंत्रणा उभी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे विनियम लागू केले. टप्प्याटप्प्याने मिळवलेले श्रेयांक साठवून पुढे पदवीसाठी वापरता यावेत, हा त्यामागील हेतू. पण श्रेयांक साठवणे आणि ते स्वीकारले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या संस्थेचा अभ्यासक्रम समकक्ष मानायचा की नाही, याचा निर्णय प्रवेश देणारी संस्थाच घेते. शिवाय संस्थांची निरंतर शिक्षण केंद्रे चालवत असलेली अनेक अल्पमुदतीची प्रमाणपत्रे श्रेयांकांविनाच दिली जातात. नाव मोठ्या संस्थेचे, पण पदवीच्या दिशेने त्यांचा उपयोग शून्य.

आयआयटी कानपूरने 2022 मध्ये ‘ई-मास्टर्स’ सुरू करताना वेगळी वाट धरली. ‘गेट’ची अट नाही, नोकरी सोडण्याची गरज नाही आणि एक ते तीन वर्षांच्या सोयीस्कर कालावधीत थेट पदव्युत्तर पदवी. शुल्क मोठे असले तरी शेवटी हाती काय पडणार, याबाबत संदिग्धता नाही. प्रमाणपत्रांना हीच कसोटी लावली, तर बरीचशी बाजारपेठ अडचणीत येईल.

ही भीती कोरडी नव्हे. 3 नोव्हेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांना चाप लावला. 2001 ते 2005 या सत्रांतील विद्यार्थ्यांच्या पदव्या चाचणी उत्तीर्ण होईपर्यंत स्थगित झाल्या, तर त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या रद्द ठरल्या. त्या पदव्यांच्या आधारे मिळालेले नोकरीतील लाभही अडकले. चूक मान्यतेविना अभ्यासक्रम चालवणाऱ्यांची होती. भरपाई मात्र शिकणाऱ्यांना करावी लागली.

आर्थिक बाजूही दुर्लक्षण्याजोगी नाही. कायद्याने मान्य पात्रतेसाठीचे शिक्षण वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. तशी मान्यता नसलेल्या कार्यकारी प्रमाणपत्रांवर सहसा 18 टक्के कर आकारला जातो. शुल्काच्या पावतीवरील ही ओळ माहितीपत्रकातील रंगीत पानांपेक्षा अधिक काही सांगून जाते.

नियोक्त्यांनी शुल्क भरले, तर हा व्यवहार सुसह्य होतो. परंतु त्या बदल्यात ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचे बंधपत्र मागितले जाते, तेव्हा प्रमाणपत्राचा फायदा नेमका कोणाला, हे अभियंत्याला सही करण्यापूर्वीच तपासावे लागते.