संगणक होता, चित्रकार होते. मग अडले कुठे? #थ्रेड

१/ संगणकीय ॲनिमेशनचा विषय निघाला की मराठी समाजमाध्यमांवर दोन दावे हमखास फिरतात. एक : दादासाहेब फाळके यांनी पडद्यावर आगकाड्या नाचवल्या, म्हणून या कलेचे जनक आपणच. दुसरा : आपण गरीब, यंत्रे अमेरिकेकडे, आपल्या वाट्याला हमालीच येणार होती. पहिला दावा भाबडा आहे. दुसरा अधिक घातक, कारण तो शहाणपणाचा आव आणतो.

२/ पहिल्याचा निकाल चटकन लावू. फाळक्यांची ‘आगकाड्यांची मौज’ किंवा प्रभातचा १९३४ चा ‘जंबू काका’ हे हाताच्या चिकाटीचे पराक्रम होते. त्यांच्या गौरवासाठी खोट्या बिरुदाची गरज नाही.

३/ आता यंत्रांकडे वळू. १९६० साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईत ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित केला. तो आयात केलेला नव्हता, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण चमूने तो इथेच बांधला होता. आणि त्याला आकृती उमटवणारी कॅथोड-किरण नलिका जोडलेली होती. म्हणजे संगणकाने काढलेले चित्र डोळ्यांनी पाहण्याची सोय कुलाब्यात होती! नरसिंहन यांचे पुढचे संशोधनही यंत्राला चित्रे कशी उमगतील याविषयीचेच.

४/ आणि चित्रे हलवणारी माणसे? फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ पासून त्याच शहरात होता. डिस्नेच्या ‘बॅम्बी’वर काम केलेले क्लेअर वीक्स तेथे शिकवायला आले. राम मोहन त्याच तालमीत घडले.

५/ १९६९-७० मध्ये चित्रकार अकबर पदमसी यांनी ‘सिझिजी’ केला : सुमारे अकरा मिनिटांचा मूकपट, केवळ भूमितीय रेखाटनांचा. ॲनिमेशनला हात राम मोहन यांचा. ना पात्र, ना कथा. रेषेतून रेषा नियमाने निघत जाते. संगणकाला द्यावी अशी ही शिस्त माणसे हाताने पाळत होती. चित्रकार आणि ॲनिमेटर भेटले. तिसरा, संगणकवाला, त्या खोलीत नव्हता.

६/ तिकडे युटा विद्यापीठात १९७२ साली एड कॅटमल नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या डाव्या हाताचा साचा घेतला, त्यावर बहुकोन आखले, एकेका बिंदूचे मोजमाप यंत्रात भरले आणि फ्रेड पार्क यांच्या साथीने तो हात पडद्यावर हलवला. त्या विभागात डेव्हिड इव्हान्स आणि आयव्हन सदरलँड यांनी ‘संगणकाने चित्र काढणे’ हाच संशोधनाचा विषय मानला होता. पैसा लष्करी खात्याचा, म्हणजे सरकारीच.

७/ ‘युटाची यंत्रे कितीतरी वेगवान होती’ हा आक्षेप मान्य. टिफ्रॅकवर ‘टॉय स्टोरी’ घडली असती असे कोणी म्हणत नाही. पण कॅटमल यांच्या हातापासून १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’पर्यंत तेवीस वर्षे गेली, चार संस्था बदलल्या. यंत्र त्या काळात अनेकदा जुने झाले. टिकली ती माणसांची टोळी. यंत्र विकत मिळते, टोळी जमवावी लागते.

८/ आमच्याकडे संगणक अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली आणि चित्रपट माहिती व नभोवाणी खात्याच्या. पुण्यातली प्रभातची जागा ज्या फिल्म इन्स्टिट्यूटला मिळाली, तिची स्थापनाही १९६० चीच, हे विसरू नका. सरकार एक, शहरे शेजारची, साल तेच. दारिद्र्याला बोल लावण्याआधी या भिंती कोणी बांधल्या ते विचारा.

९/ फळ काय मिळाले? पूर्ण लांबीचा भारतीय संगणकीय ॲनिमेशनपट २००० साली आला, तोही चेन्नईहून : पेंटामीडियाचा ‘पांडवाज’. मुंबईच्या क्रेस्ट स्टुडिओत २०१० चा ‘अल्फा अँड ओमेगा’ घडला. कौशल्य इथले, गोष्ट आणि बाजार अमेरिकेचा.

१०/ बारामतीजवळच्या आमच्या कन्हेरीतल्या मुलाला आज ॲनिमेशन शिकायचे तर त्याला सॉफ्टवेअरची बटणे शिकवणारा वर्ग सापडतो. गणित आणि रेखाटन एकाच फळ्यावर शिकवणारा विभाग त्याने कुठे शोधावा? ही भिंत अजून उभी आहे, आणि तिला आता गरिबीचे कारणही उरलेले नाही.

११/ जाता जाता. पदमसींच्या दुसऱ्या चित्रपटाचे नाव ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. क्लाउड चेंबर हे सूक्ष्म कणांचा माग दाखवणारे भौतिकशास्त्रज्ञांचे उपकरण. चित्रपटाची एकमेव प्रत दिल्लीला प्रदर्शनासाठी गेली आणि हरवली.