कर्णाचे सहज कवच
बारामतीत कऱ्हेकाठी, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिलेल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) 'आर्या' या मात्रावृत्तात, म्हणजे मात्रा मोजून रचल्या जाणाऱ्या छंदात, अवघे महाभारत मराठीत आणले. त्यातील कर्णाचे दिव्य कवच हे जगाच्या अद्भुतकथांतील चिलखतांत अनन्य ठरावे. ग्रीक महाकाव्यातील अकिलीसचे चिलखत देवाने घडवलेले असले तरी ते दुसऱ्याला चढवता येते, शत्रूला लुटताही येते. कर्णाचे कवच मात्र सहज, म्हणजे देहाबरोबर जन्मलेले असल्यामुळे त्याचे दान हे स्वतःचेच अंग सोलून देणे होते. वनपर्वातील 'कुंडलाहरण' या उपपर्वात सूर्य स्वप्नात येऊन सावध करतो, तरीही ब्राह्मणवेशातील इंद्राला कर्ण जाणूनबुजून कवच-कुंडले देतो, आणि मोबदल्यात एकदाच वापरता येणारी अमोघ शक्ती मागून घेतो, ही मागणी त्याच्या दातृत्वाला उणेपणा आणत नाही, उलट त्याला अधिक मानवी करते. पुढे चौदाव्या दिवसाच्या रात्रियुद्धात घटोत्कचाला आवरण्यासाठी तीच शक्ती त्याला खर्चावी लागते, आणि अर्जुनासमोर तो कवचाविना, शक्तीविना उभा राहतो.