ओटी उघडी की बंद?

गोराई हे नाव आज खाडीच्या दोन्ही तीरांवर नांदते. पलीकडे जुने गावठाण आहे. तेथील ईस्ट इंडियन कुटुंबांच्या घरांना पुढे ऐसपैस व्हरांडे असत, आणि काही घरांना ते अजूनही आहेत. अलीकडे, बोरिवली पश्चिमेस, म्हाडाने वसवलेली गोराई आहे. जागतिक बँकेच्या साह्याने 1985 मध्ये मुंबई नागरी विकास प्रकल्प हाती घेण्यात आला आणि त्यातून चारकोप व गोराई येथे ‘भूखंड व सुविधा’ योजना उभी राहिली. बांधलेले घर न देता लहानसा भूखंड, रस्ता, पाणी, गटार यांची सोय करून द्यावयाची आणि घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे, टप्प्याटप्प्याने बांधावयाचे, अशी ती कल्पना. पुष्कळ भूखंड अवघे पंचवीस ते चाळीस चौरस मीटरचे. तरीही बांधणाऱ्यांपैकी अनेकांनी घरापुढे चार-पाच फुटांची ओटी सोडली. एवढ्या तुटपुंज्या जागेतून एक हिस्सा दारासाठी राखून ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे.

अशा एखाद्या रांगेतील एक घर डोळ्यांसमोर आणावे. कुटुंब मूळचे सांगलीकडचे, दिगंबर जैन. वडिलांनी नोकरीच्या उमेदीत हे घर बांधले तेव्हा गावाकडच्या सोप्याची आठवण म्हणून ओटी ठेवली. आज तिशी ओलांडलेल्या त्या ओटीच्या छपराखालचा गिलावा पोपडे धरून गळतो आहे, आतल्या सळ्या गंजून फुगल्या आहेत आणि शहाबादी फरशीच्या सांध्यांत दर पावसाळ्यात हिरवट थर चढतो. दुरुस्ती करावयाची यावर घरात एकमत आहे. मतभेद पुढच्या प्रश्नावर आहे. मुलगा म्हणतो, “अण्णा, तोडतोच आहोत तर जाळी आणि सरकत्या काचा लावून बंद करून टाकू. चिंटूला अभ्यासाची खोली होईल.” वडील म्हणतात, “मग महाराज दारी आले तर पडगाहन कुठे करायचे? जिन्यावर?”

हा प्रश्न भावनेचा वाटला तरी त्याला व्यवहाराची बाजू आहे. दिगंबर मुनींचा आहार दिवसातून एकदाच, उभ्याने आणि करपात्री. नवधा भक्तीतील पहिली भक्ती पडगाहन, आणि ती घराच्या आत होत नाही. श्रावक-श्राविका शुद्ध वस्त्रे नेसून, हाती कलश व श्रीफळ घेऊन दारापुढे उभे राहतात. मुनी थांबले तर तीन प्रदक्षिणा घातल्या जातात. उच्चासन, पादप्रक्षालन, पूजन हे पुढचे सगळे आत. म्हणजे दारापुढे चार माणसांना उभे राहून एका व्यक्तीभोवती फिरता येईल एवढी मोकळी, कोरडी जागा लागते. श्वेतांबर परंपरेत गोचरीसाठी आलेले साधू-साध्वी दारात ‘धर्मलाभ’ म्हणतात. तेथेही पहिले पाऊल पडते ते याच जागेवर.

कोरडी हा शब्द येथे महत्त्वाचा. ईर्या समितीनुसार साधू चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात. शेवाळ ही वनस्पतीकाय. तिच्यावर पाय पडणे त्यांना चालत नाही. सांध्यांत हिरवा थर असलेली ओटी चातुर्मासात त्यांच्यासाठी बंदच असते, मग ती कितीही उघडी ठेवलेली असो. म्हणजे वडिलांचा आग्रह उघड्या ओटीचा असला तरी आजची ओटी त्या कामाची उरलेली नाही, हे त्यांनाही मान्य करावे लागते. आणि ब्लिचिंग पावडर किंवा ॲसिड टाकून दर आठवड्याला शेवाळ जाळणे हा ज्यांच्या घरी पाणी गाळून वापरतात त्यांचा मार्ग होऊ शकत नाही. शेवाळ येऊच नये अशी बांधणी करणे हाच उपाय.

मुंबईत जून ते सप्टेंबर दरम्यान सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एकाच दिवसात 944 मिलिमीटर नोंदला गेला. हा पाऊस सरळ पडत नाही, नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो. म्हणून छपराची पुढची कड ओटीच्या कडेपेक्षा किमान दीड फूट बाहेर असावी. स्लॅबच्या खालच्या अंगाला, कडेपासून दोन बोटे आत, एक अखंड खाच काढावी. पाणी त्या खाचेशी अडून खाली ठिबकते, आत सरकत नाही. बहुतेक घरांत छत काळे पडते ते ही एक खाच नसल्यामुळे. जुन्या कौलारू घरांना हे सांगावे लागत नसे; वळचणीचे पाणी आपोआप पागोळ्यांनी अंगणात पडे.

फरशीला उतार हवा. दीड मीटर रुंदीच्या ओटीस बाहेरच्या बाजूला 25 मिलिमीटर उतार दिला तर पाणी रेंगाळत नाही आणि म्हाताऱ्या माणसाच्या पायालाही तो जाणवत नाही. ओटीची पातळी आतल्या फरशीपेक्षा इंच-दीड इंच खाली ठेवावी. गुळगुळीत चकचकीत टाइल्स येथे नकोत. पावसात त्यांच्यावरून घसरलेल्या आजीचे खुब्याचे हाड हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही. खरखरीत कोटा किंवा कडप्पा, मोठ्या लादीत, म्हणजे सांधे कमी. पायऱ्या सहा इंच उंचीच्या आणि फूटभर रुंदीच्या असाव्यात, एका बाजूस कठडा असावा.

सगळ्यात दुर्लक्षित बाब सळईची. छज्जासारखा एका बाजूनेच धरलेला स्लॅब असेल तर मुख्य सळया वरच्या अंगाला असतात, कारण ताण तेथे असतो. काँक्रीट ओतताना मजूर त्या सळयांवरूनच चालतात, त्या खाली दबतात, आणि स्लॅब दिसायला व्यवस्थित असूनही दुबळा राहतो. ओतकामाच्या दिवशी घरातल्या एकाने रजा काढून तेथे उभे राहावे. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात सळईवर काँक्रीटचे आवरण पुरेसे हवे; समुद्रकिनारी उघड्यावरील बांधकामास भारतीय मानक 456 प्रमाणे ते 45 मिलिमीटर आहे. वडिलांच्या ओटीत ते जेमतेम अर्धा इंच निघाले, यात ठेकेदाराला दोष देऊन उपयोग नाही. त्या काळी विचारणाराच कोणी नव्हता. नंतर किमान सात दिवस, मिश्र सिमेंट असल्यास दहा दिवस, गोणपाट ओले ठेवावे.

काम फाल्गुन ते वैशाख या काळात उरकावे. जमीन खणण्याचे काम अनेक श्रावक चातुर्मासात टाळतात, आणि येथे धर्म व स्थापत्य दोन्ही एकच सांगतात. दिवा लावायचा तर पिवळसर आणि मंद. पांढऱ्या-निळसर प्रकाशाकडे किडे अधिक ओढले जातात आणि सकाळी ओटीवर त्यांचा सडा पडलेला दिसतो.

परवानगीचा विषय कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. भूखंड सहकारी संस्थेच्या वसाहतीत असल्याने संस्थेचा ठराव लागतो. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 342 खाली इमारतीत भर घालण्यापूर्वी आयुक्तांना सूचना द्यावी लागते, आणि विनापरवाना चाललेले काम थांबवण्याचा अधिकार कलम 354अ देते. उघडी ओटी काचा लावून खोली केली की ती चटईक्षेत्रात धरली जाण्याचा प्रश्न उभा राहतो. शेजाऱ्याने केले म्हणून आपण केले, हे उत्तर नोटिशीला चालत नाही.

मुलाच्या गरजेचे काय? ती खरी आहे. तिच्याकडे पाठ फिरवून ओटी वाचवणे हा वडिलांचा हट्ट ठरला असता. घरात बसून कागदावर मापे घेतल्यावर मात्र एक गोष्ट पुढे आली. रांगेतल्या घराला डावी-उजवीकडे शेजाऱ्यांच्या भिंती. उजेड आणि वारा पुढून आणि मागूनच. ओटीला काचा लावल्या की नातवाला पाच फुटी खोली मिळेल, पण पुढची खोली दिवसाही दिवा लावून वापरावी लागेल. सुनेने हे आधी बोलून दाखवले. दिवसभर त्या खोलीत तीच असते. शेवटी अभ्यासाचे टेबल माळ्यावरच्या खोलीत, मागच्या खिडकीशी गेले. ओटीच्या एका भिंतीलगत दगडी बाक आला, खाली चपलांची आणि छत्र्यांची जागा.

पैशाबाबत एवढेच. कर्ज घेऊन दुरुस्ती केल्यास, प्राप्तिकर कायदा, 1961 च्या कलम 24 नुसार, जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या दुरुस्ती-कर्जावरील व्याजाची वजावट वर्षाला 30,000 रुपयांपर्यंतच मिळत असे. घर घेण्याच्या कर्जाची मर्यादा येथे लावून हिशेब करणारे फसतात. ठेकेदाराला जोते, स्लॅब, फरशी असे टप्पे ठरवून पैसे द्यावेत. शेवटचा दहा टक्क्यांचा हप्ता मात्र फरशी बसली म्हणून देऊ नये. तो पहिल्या मोठ्या पावसापर्यंत हातात ठेवावा आणि तसे करारात लिहावे.

त्या घरी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रात्रभर पाऊस कोसळला. पहाटे सामायिक आटोपून वडील ओटीवर आले, अनवाणी. बाहेरच्या कडेला टाचेएवढे पाणी एका ठिकाणी साचले होते, बाकी लादी सुकत आली होती. ठेकेदाराला फोन गेला. त्याने एक लादी उचलून पुन्हा बसवली आणि दुसऱ्या पावसानंतर आपला हप्ता घेऊन गेला.