संगणकाशी गप्पा : कोयनेचा भूकंप झाला तरी कधी?



मागच्या महिन्यात सांगलीहून एका आठवीतल्या मुलीचं पत्र आलं. पत्र कसलं, तक्रारच ती! तिचा मामेभाऊ साताऱ्याला असतो. दोघांनाही संगणकाचं वेड. सुट्टीत दोघांनी मिळून एक प्रकल्प करायचं ठरवलं, 'महाराष्ट्रातले भूकंप'. हिनं सांगलीत बसून यादी केली, त्यानं साताऱ्यात. मग सुट्टीत मामाकडे दोन्ही याद्या एकत्र केल्या आणि पहिल्याच ओळीवर भांडण लागलं.

हिच्या यादीत कोयनेचा भूकंप १० डिसेंबर १९६७ चा, रात्री १० वाजून ५१ मिनिटांचा. त्याच्या यादीत ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. हिनं तारीख एका आंतरराष्ट्रीय नोंदवहीतून घेतली होती, त्यानं पुस्तकातून. "माझी यादी शास्त्रज्ञांची आहे," असं म्हणून हिनं त्याची तारीख खोडली. आजी शेजारीच शेंगा सोलत बसली होती. ती पाटण तालुक्यातली. भूकंप झाला तेव्हा दहा वर्षांची होती आणि तिची थोरली बहीण त्या पहाटे घराच्या भिंतीखाली गेली. आजी एवढंच म्हणाली, "मला तारीख शिकवू नकोस गं," आणि सूप उचलून आत निघून गेली.

मुलीनं पत्रात लिहिलंय, "काका, मी खोटं नव्हते बोलले. पण आजी दोन दिवस नीट बोलली नाही. खरी तारीख कोणती ते तुम्हीच सांगा."

सांगतो. आधी हा भूकंप काय होता ते थोडक्यात. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात कोयनानगर आहे आणि तिथं कोयना धरण. त्या पहाटे सगळी माणसं गाढ झोपेत असताना जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता साडेसहाच्या आसपास होती. सुमारे १८० माणसं दगावली, कोयनानगरातली बहुतेक घरं पडली. धरणाला तडे गेले, पण धरण टिकलं. हादरा मुंबईपर्यंत जाणवला होता.

आता तारखेचं बघू. तुम्ही म्हणाल, भूकंप एकच, मग तारखा दोन कशा? अहो, भूकंप एकच, पण घड्याळं दोन! भूकंपाच्या लाटा जमिनीतून जगभर पसरतात. कोयनेत निघालेली लाट काही मिनिटांत दूरदूरच्या देशांतल्या भूकंपमापकांवर उमटते. कुठल्या केंद्रावर ती किती सेकंदांनी पोचली, यावरून भूकंप नेमका कुठे झाला ते काढतात. आता प्रत्येक देशानं आपापल्या भिंतीवरच्या घड्याळाची वेळ लिहिली तर हे गणित सुटायचं कसं? म्हणून शास्त्रज्ञ सगळ्या जगासाठी एकच घड्याळ वापरतात. पूर्वी त्याला ग्रीनिचची वेळ म्हणत, आता 'यूटीसी' म्हणतात. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. पहाटेच्या ४ वाजून २१ मिनिटांतून साडेपाच तास मागं जा बरं. आदल्या दिवशीच्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटं! वारसुद्धा बदलला. कोयनेत सोमवार उजाडायचा होता आणि ग्रीनिचला रविवारची रात्र संपायची होती.

म्हणजे पोरी, तू खोटं बोलली नाहीस. पण चूक केलीस. तारीख घेतलीस आणि ती कुठल्या घड्याळाची ते लिहायचं विसरलीस. दादाची तारीख खोडायचं तर काहीच कारण नव्हतं.

अशीच गत किल्लारीच्या भूकंपाची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. आंतरराष्ट्रीय यादीत तो २९ सप्टेंबरचा सापडेल. उलट २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप सकाळी पावणेनऊच्या सुमाराचा, त्यामुळे तो दोन्हीकडे २६ जानेवारीचाच. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच, एवढ्याच वेळात आपली तारीख आणि ग्रीनिचची तारीख फटकून असतात.

आता आपल्या संगणकाकडे येऊ. संगणकाला डिसेंबर कळत नाही, सोमवारही कळत नाही. त्याला कळतात फक्त अंक. म्हणून बहुतेक संगणक एक साधी युक्ती करतात : १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीला शून्य म्हणायचं आणि तिथून पुढे सेकंद मोजत सुटायचं. मग कोयनेचा भूकंप तर १९७० च्या आधीचा, त्याचं काय? तो ऋण संख्येत जातो. चला, वही काढा. १० डिसेंबर १९६७ पासून वर्ष संपेपर्यंत २२ दिवस, १९६८ लीप वर्ष म्हणून ३६६, १९६९ चे ३६५. झाले ७५३ दिवस. गुणिले ८६,४०० सेकंद. त्यातून २२ तास ५१ मिनिटांचे ८२,२६० सेकंद वजा करा. उत्तर येतं ६,४९,७६,९४०. म्हणजे संगणकाच्या लेखी कोयनेचा भूकंप झाला 'उणे ६ कोटी ४९ लाख ७६ हजार ९४०' या क्षणी. ११ तारखेवरून, पहाटेचे ४ तास २१ मिनिटं धरून आणि साडेपाच तास वजा करून गणित केलंत तरी हाच आकडा येणार. करून बघाच. भांडण मिटवायला हा आकडा फार उपयोगी आहे. क्षण एक, त्याची नावं दोन.

(जाता जाता एक. जुन्या पद्धतीच्या संगणकांत हा आकडा २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ च्या पुढे मावत नाही. तो भरेल १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. मंगळवार आहे, बहुतेक तुम्ही ऑफिसला निघालेले असाल! त्यापुढच्या सेकंदाला असा संगणक १९०१ साल दाखवू लागेल. दुरुस्तीचं काम केव्हाच सुरू झालंय, काळजी नसावी.)

पत्रात आणखी एक गंमत होती. भावानं यादीत तारीख '११-१२-६७' अशी लिहिली होती. 'आज त्याला किती वर्षं झाली' असं विचारल्यावर त्यांच्या प्रोग्रॅमनं उत्तर दिलं ते उणे! म्हणजे भूकंप अजून व्हायचाय! दोघांना वाटलं, प्रोग्रॅम बिघडला. बिघडला नव्हता. सी, पायथन अशा भाषांत सालाचे दोनच आकडे दिले तर एक ठरलेला नियम लागतो : ६९ ते ९९ असेल तर एकोणीसशे, ० ते ६८ असेल तर दोन हजार. १९६७ साल बिचारं दोन वर्षांनी हुकलं आणि थेट २०६७ ला जाऊन बसलं. आणि '११-१२' म्हणजे ११ डिसेंबर की १२ नोव्हेंबर? अमेरिकेतला मुलगा १२ नोव्हेंबरच वाचणार, कारण तिकडे महिना आधी लिहितात. म्हणून संगणकासाठी लिहिताना १९६७-१२-११ असं लिहावं. आधी पूर्ण साल, मग महिना, मग दिवस. याचा आणखी फायदा म्हणजे यादी नुसती आकड्यांप्रमाणे लावली तरी आपोआप काळाच्या क्रमानं लागते.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, सगळं ग्रीनिचच्या वेळेत साठवायचं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवायचे, झालं! मलाही तसंच वाटायचं. एका शाळेसाठी मी मुलांची यादी ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. मोठ्या ऐटीत प्रत्येक जन्मतारीख ग्रीनिचच्या वेळेत साठवली. यादी छापून आली आणि मुख्याध्यापकबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. जुन्या काळी खेड्यापाड्यांत शाळेत घालताना मास्तर सरसकट '१ जून' लिहून टाकत, ते ठाऊक असेल. माझ्या यादीत ते सगळे पालक ३१ मे चे झाले होते! मुलांची तर एकूणएक तारीख एक दिवस मागं. का? तर जन्मतारखेला वेळ दिलेली नव्हती, म्हणून प्रोग्रॅमनं मध्यरात्र धरली, आणि आपली मध्यरात्र म्हणजे ग्रीनिचची आदल्या दिवशीची संध्याकाळचे साडेसहा. वाढदिवस हा क्षण नसतो, तो नुसता दिवस असतो. त्याला घड्याळच लावायचं नाही, तारीख म्हणून तसाच ठेवायचा. हे मला त्या दिवशी कळलं, आणि अख्खी यादी पुन्हा छापावी लागली.

साडेपाच तासांचंही तसंच आहे. ही भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला सुरू झाली. ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची. त्याआधी गावोगावी आपापली वेळ असे. सूर्याच्या हिशेबानं सांगलीची दुपार साताऱ्याच्या सुमारे सव्वादोन मिनिटं आधी होते, ठाऊक आहे? आणि मुंबईनं तर प्रमाणवेळ सुरू झाल्यावरही आपली ३९ मिनिटं मागची 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नाही! दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, देशभरची घड्याळं एक तास पुढे केली होती. त्या काळात फरक साडेसहा तासांचा. हा सगळा इतिहास संगणकात एका तक्त्यात साठवलेला असतो. त्यात आपल्या वेळेचं नाव आहे 'एशिया/कोलकाता'. साताऱ्याचा संगणक असो की सांगलीचा, वेळ कोलकात्याच्या नावानं! फुशारक्या मारणाऱ्या मुंबईकर मित्राला हे जरूर सांगा.

आता आजीचं. पोरी, तुझ्या यादीत एक रकाना वाढव : 'कोणतं घड्याळ'. ग्रीनिचची वेळही राहू दे, आपली वेळही. पण प्रकल्पाच्या मथळ्याला ११ डिसेंबरच लिही. जिथं माणसं गेली तिथल्या घड्याळात जी तारीख होती, तीच तिथल्या माणसांची. आणि एक गोष्ट आजीला विचार. पंचांगात वार बदलतो तो सूर्योदयाला, मध्यरात्री नाही. म्हणजे पहाटे ४ वाजून २१ मिनिटांना पंचांगाप्रमाणे अजून रविवारच होता. तुझ्या ग्रीनिचचा वार आणि आजीच्या पंचांगाचा वार एकच निघतो, कारणं मात्र अगदी वेगळी. आजीच्या घरी त्या दिवसाला कोणता वार म्हणायचे, ते मला कळव. शेंगा सोलायला बसशील तेव्हा विचार, वही घेऊन नको.

बाकीच्यांसाठी या आठवड्याचं काम : घरात पहाटे साडेपाचच्या आत जन्मलेलं कुणी आहे का ते शोधा आणि त्यांची ग्रीनिचची जन्मतारीख काढा. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ मधल्या पहाटे जन्मलेले पणजोबा किंवा पणजीबाई असतील तर साडेपाच नव्हे, साडेसहा तास वजा करायचे. उत्तरं पोस्टकार्डावर पाठवा. आणि हो, साल पूर्ण लिहा!