अभ्यासक्रमात वालधुनी कधी येणार?

चामटोलीहून बदलापूर गाठून, लोकल पकडून रसायनशास्त्राची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला मुंबई विद्यापीठाने तृतीय वर्षास ‘औषधे व रंग’ हा उपयोजित विषय वर्षानुवर्षे शिकविला. औषधे व रसायने तयार करणारे कारखाने अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात, म्हणजे त्याच्या घराजवळच आहेत. तेथे तो पाऊल टाकतो ते मात्र पदवीनंतर, नोकरीचा अर्ज घेऊन!

हे असेच चालावे असा काही नियम नाही. याच विद्यापीठाने १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञान विभाग काढला, तेव्हा मुंबईच्या कापड गिरण्या त्याच्या डोळ्यांसमोर होत्या. १९३८ मध्ये विभागाचे पहिले भारतीय संचालक झालेले प्रा. के. वेंकटरामन यांचा कृत्रिम रंगांवरील ग्रंथ पुढे जगभर प्रमाण ठरला.

आज डोळ्यांसमोर वालधुनी असावयास हवी. इ.स. १०६० मधील अंबरनाथचे शिवालय जिच्या काठी उभे आहे, त्याच नदीत २०१४ साली रसायने ओतली गेली आणि उल्हासनगरात शेकडो नागरिकांना विषारी वायूची बाधा झाली. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्यास ब्युरेट, थायोसल्फेट, स्टार्च असे साधेच साहित्य लागते. ते कोणत्याही महाविद्यालयात मिळेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चौथ्या वर्षी संशोधनास जागाही ठेवली आहे. त्या प्रकल्पासाठी दरमहा ठरलेल्या ठिकाणाहून वालधुनीचे पाणी घ्यावे आणि आकडे नगरपालिकेच्या फलकावर लावावेत. काही कारखानदारांना ते रुचणार नाही. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने तरीही हे अभ्यासक्रमात घालावे.