पावसाआधी ढगांचं सांगा
हिवाळी अंदाजातल्या ‘हलक्या सरी’ तासगाव-मिरजेच्या द्राक्ष बागायतदाराच्या काय कामाच्या? डिसेंबर २०२१च्या सुरुवातीला अवकाळीनं सांगलीच्या बागांत दावण्या आणि घडकूज पसरवली. पण दावण्याला मुसळधार लागतच नाही, खाली उतरलेले ढग आणि तासन्‌तास ओली राहिलेली पानं पुरतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची फळकूजही ओलाव्यावरच पोसते. म्हणून सातारा-सांगलीच्या अंदाजात मिलिमीटरच्या आधी पान किती तास ओलं राहील, हे यायलाच हवं. इतक्या बारीक अंदाजाची खात्री देता येत नाही, असा आक्षेप येतो. मान्य, पण खात्री नाही म्हणूनच तर आज भीतीपोटी फवारणीवर फवारणी होते. महावेधची हवामान केंद्रं मंडळनिहाय तापमान, आर्द्रता मोजतातच. त्यावरून निदान शक्यता सांगा, फवारणीचा ब्लोअर जोडायचा की नाही ते बागायतदार ठरवेल.