पहिली झूम लेन्स: आकडा नको, गरज पाहा

छायाचित्रणाची आवड असणारी मुले आपल्या शाळेत वाढत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. घरात काका-मामांचा जुना डीएसएलआर कॅमेरा असतो. प्रश्न उरतो तो लेन्सचा. मुलांना १८-३०० हवी असते, पालकांना तिची किंमत झेपत नाही. आमचे मत असे की, शिकणाऱ्याला १८-३०० ची गरजच नाही.

हे आकडे मिलिमीटरमधले आहेत. आकडा लहान तितके दृश्य रुंद. राजवाड्याचे सातही मजले टिपायला १८ उपयोगी. आकडा वाढला की दूरचे जवळ येते. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ही साधारण तिप्पट झूम देते. कॅननची १८-१३५ किंवा निकॉनची १८-१४० साडेसातपटीच्या पुढेमागे जाते. सहल, क्रीडामहोत्सव, घरचे कार्य, सारे तिच्यात भागते. सिरपूर तलावावरच्या पक्ष्यांना ती अपुरी पडेल, हे मान्य. पण एका छंदासाठी जड आणि महाग लेन्स रोज गळ्यात का वागवावी?

शिवाय खरी अडचण अंतराची नसून उजेडाची असते. अनंत चतुर्दशीच्या झांक्या रात्री निघतात, स्नेहसंमेलनातले नाटक अंधाऱ्या सभागृहात होते. स्वस्त झूम लेन्स पूर्ण लांबवल्यावर तिचे छिद्र एफ/५.६ पेक्षा मोठे उघडत नाही. ५० मिमी एफ/१.८ ही साधी, बिनझूमची लेन्स त्याच्या नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते. लेन्समधली कंपनरोधक सोय हाताची थरथर सांभाळते, नाचणाऱ्या मुलीची हालचाल थांबवत नाही. म्हणून १८-३०० वर पैसे घालण्याऐवजी मध्यम झूम आणि ही छोटी ५० अशी जोडी आम्हांला अधिक शहाणपणाची वाटते. तेवढेही जमत नसेल तर १८-५५ वरच वर्षभर हात बसवावा. चार पावले पुढे जाणे ही फुकटची झूम आहे.

वापरलेली लेन्स घ्यायला हरकत नाही, मात्र पारखून घ्यावी. टॉर्चच्या उजेडात आत बुरशीचे जाळे दिसते का, झूमची कडी अडकते का, फोकस आपोआप होतो का, हे आपल्याच कॅमेऱ्यावर लावून पाहावे. कॅननची लेन्स निकॉनला बसत नाही. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते; तिथे मोटर असलेलीच लेन्स हवी. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी.

आता विश्वस्त मंडळास एक विनंती. ग्रंथालयातून पुस्तक मिळते, तसा शाळेचा कॅमेरा मध्यम झूम आणि ५० मिमी लेन्ससह नोंदवहीत सही घेऊन आठवड्याला एका विद्यार्थ्यास द्यावा. एका संचावर वर्षभरात कितीतरी मुले शिकतील. पालकांनीही शेजारच्या मुलाकडे आहे म्हणून कर्ज काढून लेन्स घेऊ नये. ज्याच्या घरी कॅमेरा नाही, तो मुलगा आज छायाचित्रणाच्या तासाला मागच्या बाकावर बसून असतो. चांगली नजर त्याच्याकडेही असू शकते. ती आहे की नाही, हे कळायला त्याच्या हाती कॅमेरा यायला हवा.